कानबाईचं मखर

नरडाणा,
१८ जुलै २०२५

ती. भाऊ,

नमस्कार. 'शिरसाष्टांग' मुद्दाम लिहिलं नाही, नाहीतर तुम्ही वहिनींना म्हणाल, याला काहीतरी पाहिजे दिसतंय. मला काही नको आहे. मागच्या श्रावणात तुम्ही म्हणाला होता, "तुन्ह्या तोंडनं आते मी काहीच आयकनार नही." म्हणून तोंडाने काही सांगत नाही, कागदावर लिहितो. फोन करून पाहिला, तुम्ही उचलत नाही. वहिनींच्या फोनवर निरोप ठेवायचा तर त्या बिचाऱ्या आपल्या दोघांमध्ये फुकट भरडल्या जातात. आता इथल्या लोटनचा टेम्पो केळी भरायला चोपड्याकडे येतच असतो, तर पत्र त्याच्या हाती देत जाईन.

आजच्या टेम्पोत पत्रासोबत फोमच्या लाद्या आहेत. घाबरू नका, गाद्या पाठवलेल्या नाहीत. कामिनी हेमांगीला म्हणाली होती की थर्माकोल मिळत नाही, आणि या वर्षी कानबाईला कॉलेजातल्या मुलींनी बघत राहावं असं मखर तिला करायचं आहे. पुतणीने काकूजवळ हट्ट करायचा आणि काकाने ऐकलं नाही असं दाखवायचं, हे मला जमलं नाही. आमच्या कंपनीत फोमचा मोठा ठोकळा कापला की सुरुवातीचे आणि शेवटचे वेडेवाकडे तुकडे उरतात. शेठ ते कामगारांना नेऊ देतात. त्यातलेच चांगले निवडून पाठवलेत. रंग राखाडी आहे, पण वरून काय लावायचं ते कामिनीला माझ्यापेक्षा जास्त कळतं. धारदार सुरीने कमान अगदी लोण्यासारखी कापली जाते.

आता तुम्ही म्हणाल, दिव्याजवळ फोम? तेच सांगतो. हा गादीतला साधा फोम नाही. हा बसच्या सीटसाठी करतो. रसायनं एकत्र होऊन फुगायला लागतात तेव्हाच त्यात आग रोखणारं एक द्रव्य सोडावं लागतं. कंपनीत सगळे त्याला 'औषध'च म्हणतात, आपण कपाशीवर मारतो त्याला म्हणतो तसं. औषध असलं की फोम पेट धरत नाही. काडी लावली तर जागा काळी पडते, थोडा वास येतो आणि ज्योत आपोआप विझते. मी सांगतो म्हणून विश्वास ठेवू नका, हवं तर स्वतः काडी लावून बघा.

आमच्याकडे कानबाईचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. हेमांगीने रोटासाठी, नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, गहू निवडून ठेवलेत, दळलेले नाहीत.

मागच्या वर्षी तुम्ही म्हणालात, "चूल वायली कयी, मी काही बोलनू नही. आते कानबाई बी वायली? मंग मन्ही पायरी चढू नको." मी देवी वेगळी, माझ्या घरी बसवली यात काय चुकलं ते मला आजही कळत नाही. रजा मिळत नव्हती, हेमांगीला दिवस गेले होते. पण तो विषय इथे काढत नाही. काढला असं समजू नका.

ललित


नरडाणा,
२४ जुलै

ती. भाऊ,

लाद्या पोचल्याचं कळलं. तुमच्याकडून नाही, कामिनीकडून. तिने हेमांगीला व्हिडिओ पाठवला. मधल्या खोलीत मखराचा सांगाडा उभा आहे, कमानीला वेलबुट्टी कापली आहे, बाजूला तोतारामआबा, दोन्ही काका, सगळी भाऊबंदकी बसली आहे, आणि तुम्ही लायटर घेऊन एका तुकड्याला ज्योत लावताय. ज्योत विझते आणि तुम्ही सगळ्यांकडे बघून म्हणता, "दखा! मन्हा धाकला भाऊनी बनाडेल शे हाई. जयत नही!"

भाऊ, तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला ते सांगत नाही. वर्षभर तुम्ही माझं नावही घेतलं नाही असं मला वाटत होतं. हेमांगी म्हणाली, आता तरी जा. मी म्हटलं, त्यांनी मला थोडंच सांगितलं, ते आबांना सांगत होते.

एक छोटीशी विनंती आहे. समया मखराच्या आत ठेवू नका. कामिनीने कमानीच्या आतल्या बाजूला पणत्यांसाठी खाचा केल्यात, त्या फार सुंदर दिसतात, पण तिथे पणत्या ठेवू नका. अखंड दिवा चौरंगाच्या पुढे बराच लांब, पितळी परातीत ठेवा. आरतीला कापूर जाळताना तर मखराच्या बाहेर या. पावसाळी हवा आहे, फोम ओल धरतो, मग त्याचा भरवसा नाही. आणि शक्य असेल तर या वर्षी मखर नकोच. साड्यांची आरास आईच्या वेळी किती छान दिसायची. पोरीला वाईट वाटेल, तिला मी समजावीन.

आज कंपनीत थोडी गडबड होती, म्हणून घाईत लिहितो आहे. विशेष काही नाही.

ललित


नरडाणा,
२८ जुलै

भाऊ,

मागच्या पत्रातलं ओलीचं कारण खोटं होतं. फोम ओल धरत नाही असं नाही, पण मी घाबरलोय ते त्यामुळे नाही.

खरं काय ते सांगतो. तुमच्याकडे लाद्या पाठवल्या त्या मालाचे नमुने गुरुवारी मी तपासले. प्रत्येक मालाचा सुरुवातीचा आणि शेवटचा तुकडा आम्ही राखून ठेवतो आणि पट्टी टांगून खालून ज्योत लावतो. पट्टीच्या खाली कापूस पसरतो, म्हणजे पेटते थेंब पडले तर कापूस पेटून कळावं. शेवटच्या तुकड्याची पट्टी विझली. मग सुरुवातीची टांगली. भाऊ, ज्योत लावताच ती सरसर वर पेटत गेली. वितळून पेटते थेंब खाली पडले, कापसाने पेट घेतला, आणि एवढ्याशा पट्टीचा इतका काळा धूर झाला की मी आणि मशीनवाला रुपचंद खोकत बाहेर पळालो.

मग शोधलं. औषधाच्या पंपात सुरुवातीला हवा अडकली होती. पंप फिरत होता, काटा हलत होता, पण नळीतून औषध पुढे जातच नव्हतं. पुढे केव्हातरी हवा निघून गेली आणि पंप आपोआप चालू लागला, म्हणून शेवटचा माल चांगला निघाला. रंगाची नळी वेगळी आहे, त्यामुळे सगळाच माल सारखा राखाडी. बघून, हाताळून, दाबून काहीच फरक कळत नाही. मलाही कळला नाही, आणि माझं कामच ते आहे.

शेठना मी तासाभरात सांगितलं. ते डोक्याला हात लावून बसले, मग त्यांनी फोन केला, आणि बसच्या सीटचा सगळा माल वाटेतूनच माघारी आला. इतकं सोपं होतं. एका फोनवर परका माणूस ट्रक मागे फिरवतो, आणि माझ्या घरातलं मखर मला हलवता येत नाही.

तुमच्याकडे सुरुवातीचे तुकडे आहेत आणि शेवटचेही. तुम्ही लायटर लावला तो शेवटचा असणार. विझला तो तुमच्या नशिबाने नाही, माझ्या दुर्दैवाने विझला, कारण आता सगळ्या भाऊबंदकीला खात्री आहे की हे जळत नाही. मीच तर लिहिलं होतं, काडी लावून बघा.

मखर आजच उतरवा. ज्यात औषध आहे तो तुकडासुद्धा लोखंड नाही. छोट्या ज्योतीला विझतो, पण शेजारी आग भडकली तर तोही जळतो. मधल्या खोलीला दार एकच. जागराच्या रात्री तिथे किती बाया दाटीवाटीने बसतात ते मी सांगायला नको. पुढे गाणी म्हणणाऱ्या म्हाताऱ्या, त्यांच्या मांडीवर झोपलेली पोरं. जाळापेक्षा धूर वाईट, भाऊ. धुराने आधी दार दिसेनासं होतं.

कामिनी रोज फोटो पाठवायची, शुक्रवारपासून तिने एकही पाठवलेला नाही. हेमांगीने विचारलं तर म्हणाली, "काकू, पप्पांनी खोलीला कुलूप लावलंय. रविवारपर्यंत कुणी बघायचं नाही म्हणतात." हे काय नवीन? कुलूप कशाला? बंद खोलीत उंदीर कुरतडतात, वायर उघडी पडते. उघडा ती खोली.

हे पत्र वाचल्यावर फक्त 'काढलं' एवढा एकच शब्द कळवा. लोटनला तोंडी सांगितलात तरी चालेल.

ललित


नरडाणा,
३१ जुलै

भाऊ,

लोटन तुमचा निरोप घेऊन आला. मी त्याला कंपनीच्या गेटवरच गाठलं, त्याला टेम्पो आत घेऊही दिला नाही. म्हटलं, काढलं का? तो म्हणाला, "भाऊ म्हनतस, मखर जठे शे तठेच ऱ्हाई." मी वहिनींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "ते म्हनतस, त्याले सांग, भेव वाटस ना? मंग सोता ये, आनि तुन्हा हातघाई काढी ले."

मला तर त्या हसू दाबत होत्या असं वाटलं. मी जीव तोडून सांगतोय आणि तिकडे हसू येतंय.

तुम्हाला काय वाटतं, मला तुमच्या कानबाईचं वाईट व्हावं असं वाटतं? माझ्या घरी देवी बसवली म्हणून तुमच्या घरातली विटाळावी? तुमच्या मनात हेच असणार. धाकट्याने आधी मखर पाठवलं, चारचौघांत माझी वाहवा झाली, आता ऐन वेळी काढायला लावून माझी शोभा करतो. गावात म्हणतील, भाईदासच्या घरचं मखर रातोरात गेलं. म्हणू द्या. लोक काय, सोमवारी तापीवर देवी बोळवून आले की विसरतात.

आमच्या पुण्याच्या साहेबांनी विचारलं, ही कानबाई म्हणजे नक्की काय, तुम्ही एवढे सैरभैर का? मी म्हटलं, साहेब, नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घराघरात देवी येते, रात्रभर जागते, आणि सोमवारी जाते. सुरतला गेलेला माणूससुद्धा त्या रविवारी भावाच्या घरी असतो. ते म्हणाले, मग तुम्ही का नाही जात? मी पट्ट्या टांगायला निघून गेलो.

मी येऊ शकत नाही. पायरी चढू नको हे तुम्ही म्हणालात, मी नाही. आणि ते वहिनींसमोर, हेमांगीसमोर म्हणालात. आता वहिनींकडून 'ये आणि स्वतःच्या हाताने काढ' असा टोमणा पाठवायचा. मी असा टोमण्यावर येणारा नाही.

पण जेवण जात नाही. कंपनीत कुणी काडी ओढली तरी दचकतो. पोरगं पाळण्यातून हात काढून माझं बोट धरतं आणि मला तुमच्या मधल्या खोलीतली पोरं दिसतात. तुम्हाला माझा एवढा राग आहे, तर तो माझ्यावर काढा. त्या खोलीतल्या माणसांवर काढू नका.

हात जोडतो. उतरवा.

ललित


नरडाणा,
२ ऑगस्ट, शनिवार

भाऊ,

हे पत्र लोटनजवळ देत नाही. खिशात ठेवतो आणि उद्या मीच घेऊन येतो. पायरी चढणार नाही, त्याची काळजी करू नका. अंगणात उभा राहून हाक मारीन. तुम्ही बाहेर आलात तर हे पत्र हातात देईन, कारण तोंडाचं तुम्ही ऐकणार नाही. नाहीच आलात तर तोतारामआबांच्या पाया पडेन, काकांना आत पाठवीन. तेही नाही जमलं तर मागच्या परड्यातून शिरून मधल्या खोलीचं कुलूप फोडीन. मग पोलीस बोलवा, काही करा.

सोबत सुरुवातीच्या मालाची एक पट्टी आणली आहे. अंगणात सगळ्यांसमोर पेटवून दाखवतो. ज्यांनी तुमची ज्योत विझलेली पाहिली त्यांनी ही पेटलेली पाहावी. त्यात तुमची नाही, माझीच शोभा होईल. मीच बनवलं, मीच पाठवलं, आणि चुकीचं निघालं असं मी सर्वांसमोर म्हणेन. तेवढ्याने तुमचं मन भरत असेल तर दोनदा म्हणेन.

हेमांगीने विचारलं, मग आपल्या कानबाईचं काय? गहू तसेच पडलेत. मी म्हटलं, मला सुचत नाहीये, तू ठरव. ती म्हणाली, माझं कधीच ठरलंय, तुम्हीच मागे राहिलात. मला त्याचा अर्थ कळला नाही.

आता पाऊस धरलाय. अमळनेरवरून येईन. वाटेत उशीर न होवो.

ललित


नरडाणा,
६ ऑगस्ट

ती. भाऊ,

तुमच्या घरी दोन दिवस राहून आलो, रात्रभर शेजारी बसून जागर केला, सोमवारी देवीला निरोप देऊन परतलो, आणि तरी मनातला एक शब्द बोललो नाही. म्हणून पुन्हा कागद. भाऊबंदकीसमोर मोठ्या भावाला बोलणं आईने शिकवलं नव्हतं. पत्रात बोलू नको असं तिने सांगितलं नव्हतं.

मी अंगणात येऊन उभा राहिलो तेव्हा पावसाने नखशिखान्त भिजलो होतो. हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली ती पट्टी. मी हाक मारली. तुम्ही ओट्यावर आलात, माझ्याकडे पाहिलंत आणि वहिनींना म्हणालात, "उना बरं. टावेल दे त्याले." जणू मी बाजारातून आलो होतो. मी ओरडलो, आधी मखर! तुम्ही कमरेची किल्ली काढून माझ्या अंगावर फेकलीत. पायरी केव्हा चढलो ते मला आठवतही नाही. कुलूप उघडलं तर मधल्या खोलीत मखर नाहीच. आईच्या साड्या, केळीचे खांब, फुलांच्या माळा. फोमचा एक कण नाही.

मी साड्यांच्या मागेही वाकून पाहिलं. तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, "ते तं मी कधीच बांधवर लई जाईसन जायी टाकं. बाप रे, काय जयनं ते!"

नंतर वहिनींनी सगळं सांगितलं. माझं ओलीचं पत्र आलं तेव्हाच तुम्ही ताडलंत. म्हणालात, हा खोटं लिहितो तेव्हा फार प्रेमाने लिहितो, साड्यांची आरास काय, आई काय. त्याच संध्याकाळी मखर उतरवलंत, शेतात नेऊन एकेका तुकड्याला काडी लावलीत. काही विझले. एक भडकला आणि तुमच्या हातावर थेंब पडला. तो डाग मी पाहिला, तुम्ही बाही खाली ओढलीत तरी पाहिला. मग सगळंच जाळून टाकलंत, खोलीला कुलूप घातलंत आणि कामिनीला दम दिलात की कुणाला सांगायचं नाही.

म्हणजे माझं खरं पत्र आलं त्याच्या आधीच मखर गेलेलं होतं. तरी तुम्ही लोटनजवळ निरोप पाठवलात की जठे शे तठेच ऱ्हाई. मी इकडे अन्न सोडलं. डोळ्यांपुढे जळणारी पोरं दिसत होती मला, भाऊ! तुम्ही माझं एकेक पत्र वाचत होता आणि उत्तर देत नव्हता. आबांनी विचारलं, असा कसा रे तू भाईदास, पोराचा जीव टांगणीला लावला? तेव्हा तुम्ही पान लावत म्हणालात, "काढं म्हनीसन सांगं आसतं, ते तो उना आसता का?"

सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांसमोर रडता येत नाही म्हणून.

मला तुमचा राग आला आहे. आजही आहे. हे असं बोलावणं असतं का? माणसाला भीतीने अर्धमेला करून घरी आणायचं? हेमांगीलाही सामील करून घेतलंत. ती पोराला घेऊन रविवारी माझ्या मागोमाग एसटीने उतरली तेव्हा तिच्या पिशवीत आमचे निवडलेले गहू होते. वहिनींनी ते तिच्या हातातून घेतले आणि म्हणाल्या, "हाई पुढला वरीसले कामे ई. आवंदा तुम्हनं आम्ही दळी टाकं."

तेव्हा मला कळलं की रोटासाठी घरच्या एकेका पुरुषाच्या नावाने गहू काढताना तुम्ही माझ्याही नावाची सव्वा मूठ काढली होती. माझ्या पोराच्या नावाचीही, ज्याला तुम्ही तोवर पाहिलंही नव्हतं. आणि ते दळण नागपंचमीच्या आधीचं होतं. मी येईन की नाही हे मलाच माहीत नसताना.

भाऊ, पुढच्या वर्षी मला बोलवायचं असलं तर नुसतं 'ये' म्हणा. तुम्हाला ते जड जातं, मला ठाऊक आहे. मलाही 'येऊ का' असं विचारायला जड गेलं होतं, म्हणून तर लाद्या पाठवल्या होत्या.

हातावरच्या डागाला रोज खोबरेल लावा. लावता की नाही ते वहिनींना विचारीन.

तुमचा,
ललित